मसाई मारा, तीन रात्री: सिंह दिसले, पण पैसे वसूल झाले ते गवतावर

लावणी उरकली आणि गणपतीला अजून अडीच-तीन आठवडे होते, तेवढ्यात आम्ही केनियाला जाऊन आलो. मी, हे आणि माझे सासरे अण्णा, वय 76. रत्नागिरीत पावस गावाजवळ आमची आंब्याची कलमं आहेत, आंब्याच्या सीझनला मान वर करायला मिळत नाही, लगेच पुढे लावणी, त्यामुळे फिरायला ऑगस्टचा पहिला पंधरवडा एवढाच काय तो मोकळा. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो कशी झाली ट्रिप, एवढे पैसे घालण्यासारखं आहे का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय.

आधीच सांगून टाकते. मसाई मारा नॅशनल रिझर्व्हला पाचपैकी पाच. आमच्या ड्रायव्हर-गाइडला पाचपैकी पाच, असते तर सहा दिले असते. लॉजला साडेतीन. आणि ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याला दोन, ते का ते खाली येईल.

नैरोबीहून सकाळी निघालो, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर फोटोसाठी दहा मिनिटं थांबलो, नारोक गावात चहा घेतला (तिकडे चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात, गाडीला गारी, अण्णा खुश) आणि दुपारी सेकेनानी गेटला पोचलो. ड्रायव्हर तिकिटांच्या लायनीत उभा होता, मसाई बायका खिडकीशी मण्यांच्या माळा घेऊन आलेल्या, मी भाव करण्यात गुंतले आणि इकडे अण्णा खाली उतरून कुंपणाकडेला जाऊन एक गवताची काडी उपटून घेऊन आले. तांबूस रंग, टोकाला झुबका, त्याला लांब कुसळं. म्हणाले, "अगो, हे आपल्या सड्यावरचं करड आहे." (सडा म्हणजे आमच्याकडचा कातळाचा माळ, करड तिथलं उंच गवत.) मी म्हटलं अण्णा, आफ्रिका आहे ही. तर ड्रायव्हर परत आला, त्याने काडी हातात घेतली आणि म्हणाला हे रेड ओट ग्रास, माराचं मुख्य गवत, म्झे बरोबर जागी आलेत. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस, तेव्हापासून तीन दिवस तो अण्णांना म्झेच म्हणत होता.

नंतर मी शोधलं, या गवताचं शास्त्रीय नाव थेमेडा ट्रायअँड्रा, ते आफ्रिकेपासून आपल्या भारतातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत वाढतं. त्याच्या कुसळाची गंमत ड्रायव्हरने दाखवली, तळहातावर बी ठेवून थोडं पाणी टाकलं तर कुसळ हळूहळू फिरायला लागलं. ओल लागली की उलगडतं, सुकलं की पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. आपल्या साडीला न् सॉक्सला ही कुसळं चिकटतात म्हणून आपण शिव्या घालतो, पण हे काम मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आणि ते बघायला मला केनियाला जावं लागलं याचं थोडं वाईटही वाटलं.

आता हवामान, कारण यावर सगळ्यांचे प्रश्न येतात. लोकांना वाटतं आफ्रिका म्हणजे भाजून निघणार. मारा विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश खाली आहे हे खरं, पण उंची दीड हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. पहाटे सहाला निघालो तेव्हा गाडीतल्या आकड्यावर 12 डिग्री. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, वीसच्या खाली गेलं की आम्हाला हुडहुडी भरते, एक एक स्वेटर नेला होता तो अंगावरून उतरलाच नाही, अण्णांना तर लॉजचं ब्लँकेट गुंडाळून बसवलं. दहानंतर छान ऊन, दुपारी सव्वीस-सत्तावीस, घाम नाही. घाम न येणं ही काय चीज आहे ते रत्नागिरीकरालाच कळेल.

आणि कोरडं. घरी पागोळ्या चोवीस तास चालू, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, आणि तिथे त्याच दिवशी गाडीमागे धुरळा. तिकडे पावसाचे दोन हंगाम, मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मधे जुलै-ऑगस्ट कोरडे. वर्षाचा पाऊस साधारण हजार मिलिमीटर, आपल्याकडे तीन हजारांच्या वर जातो. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वाऱ्याचं. आपला नैऋत्य मोसमी वारा कुठून येतो? दक्षिण गोलार्धातून निघतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या उंच पठाराला अडतो, उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरून पाणी घेत घेत आपल्या अंगणात येऊन कोसळतो. सोमाली जेट म्हणतात याला. किनाऱ्याला समांतर पळत जातो म्हणून जाता जाता तिकडे फारसा पाऊस टाकत नाही. म्हणजे आपला आषाढ-श्रावण तिकडचा उन्हाळा करून येतो. हे अण्णांना रात्री शेकोटीशी सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे वारा ह्यांच्या दारावरून जातो आणि पाणी आपल्याकडे." आपल्या दर्यावर्दी लोकांना हे वारे कायम माहीत होते, या वाऱ्यांवरच पूर्व आफ्रिका आणि आपला किनारा यांच्यात गलबतं जात-येत होती, जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे तिकडचेच.

मग कोरड्या दिवसात सगळी जनावरं माराकडेच का येतात, हा प्रश्न मी विचारला. उत्तर असं की मारा हा शेजारच्या टांझानियातून इथवर पसरलेल्या अख्ख्या सेरेंगेटी गवताळ पट्ट्याचा जास्त पावसाचा उत्तर कोपरा. पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवर आहे, त्याच्या पाण्यावरून ढग उठतात आणि कोरड्या महिन्यांतही दुपारनंतर अधेमधे सर येऊन जाते. आम्हाला दुसऱ्या दिवशी चार वाजता मिळाली, मळभ आलं, दूर विजा, वीस मिनिटं धो धो, आणि ओल्या मातीचा वास अगदी आपल्या पहिल्या पावसाचा. शिवाय मारा नदी बारमाही, माऊच्या जंगलातून उगम पावते आणि व्हिक्टोरियाला मिळते. गवत आणि पाणी दोन्ही आहे म्हटल्यावर दुसरीकडे कोण थांबणार.

झाडं. इथे एजंटने दिलेल्या पत्रकात एक ओळ नव्हती, त्यात फक्त बिग फाइव्ह, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. पण मारा हा शब्दच झाडांवरून आलाय, मसाई लोकांच्या मा भाषेत त्याचा अर्थ ठिपक्याठिपक्यांचं. उंचावरून बघितलं की पटतं, पिवळ्या गवतावर कुठे कुठे एकेक झाड, छत्रीसारखं, खालून सरळ रेषेत छाटलेलं. छाटणी जिराफांची. त्यातलं जे सगळ्यात जास्त दिसतं ते बॅलनायटिस, आपल्याकडे घाटावर हिंगण म्हणतात त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. नदीकाठी मात्र उंबराच्या जातीतली प्रचंड झाडं, सावली अशी की क्षणभर आपल्या देवराईत आल्यासारखं वाटलं. सॉसेज ट्रीला दुधीएवढी फळं लोंबतात, खाली गाडी उभी करू नका एवढंच.

माझं आवडतं झालं ते व्हिसलिंग थॉर्न, शिट्टीवाली बाभूळ म्हणा. उंची माणसाएवढी, कुठे कुठे दीड माणूस, काळ्या चिकण मातीत वाढते (आपल्या घाटावरच्या कापसाच्या मातीसारखी, तिकडे पण ब्लॅक कॉटनच म्हणतात आणि रस्त्यावरच्या लाल खडीला मरम म्हणतात, आपलाच मुरूम). तिच्या काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढे पोकळ गोळे असतात, आत मुंग्या राहतात, झाड त्यांना गोड रस देतं. कोणी फांदीला तोंड लावलं की मुंग्या सुटतात, हत्तीसुद्धा सोंडेत मुंग्या नकोत म्हणून या झाडाला टाळतो. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की शिट्टी वाजते, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि आम्ही पाच मिनिटं ती ऐकत बसलो, बारीक, पावा फुंकायला नुकता शिकतोय कोणीतरी असा आवाज. यातलं पुढचं तर अजून भारी. केनियातच लायकिपियात संशोधकांनी काही झाडांभोवती विजेचं कुंपण घालून हत्ती-जिराफांना बाहेर ठेवलं, वाटेल की झाडं जोमात येतील, तर दहा वर्षांत झाडांनी मुंग्यांना खाऊ देणं कमी केलं, राखणदार मुंग्या कमी झाल्या, दुसऱ्या मुंग्या आणि खोडकिडे शिरले आणि झाडं उलट जास्त मेली. 2008 मध्ये हे छापून आलं. आम्ही आंब्याच्या खोडकिड्याशी दर वर्षी झगडतो, त्यामुळे मला हे ऐकून झोप लागेना.

आता जनावरं. सिंह दिसले, दोन वेळा, एक कळप सोळा जणांचा होता, पिल्लं आईच्या अंगावर लोळत होती, अगदी मन भरलं. चित्तीण एका उंचवट्यावर बसलेली. हत्ती भरपूर. बिबट्या नाही दिसला, पण तो आमच्या वाडीच्या पऱ्ह्यावरही पाणी प्यायला येतो, त्यामुळे हळहळ नाही. गेंडा नाही दिसला, त्याची मात्र आहे. वारुळांवर टोपी नावाचं हरीण उभं राहतं, राखणीला ठेवल्यासारखं, सगळ्या माळावर जिथे बघाल तिथे वारूळ आणि वर टोपी.

पण खरं बघायचं ते वाइल्डबीस्ट (गुरासारखं दिसणारं दाढीवालं मोठं हरीण), झेब्रे आणि छोटी थॉमसन गझेल हे एकामागून एक कसे चरतात. ड्रायव्हरने एकाच माळाचे तीन भाग दाखवले. उंच जून गवतात झेब्रे, ते वरचे राठ दांडे खातात, त्यांचं पोट तसलं पचवू शकतं. त्यांच्या मागून वाइल्डबीस्ट, मधली पानं. मग गझेल, ती बुडाशी फुटलेला कोवळा कोंब शोधते. कोणी कोणाचं हिसकावत नाही, उलट पुढचा मागच्याला ताट वाढून ठेवतो. अण्णांनी लगेच हिशेब जुळवला, भात कापल्यावर मळ्यात आधी बैल सोडायचे, मग गायी, मग बकऱ्या, त्यांचे वडील असंच करायचे.

आणि इथे गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषय निघाला, तो सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. इतकी जनावरं, वाइल्डबीस्टच तेरा लाखांच्या आसपास, ही कायम इतकी नव्हती. 1887 च्या सुमारास इरिट्रियाच्या बाजूने गुरांबरोबर रिंडरपेस्ट आफ्रिकेत शिरला, म्हणजे आपली बुळकांडी. मसाईंची गुरं दहातली नऊ मेली, माणसं उपाशी मेली, रानातली वाइल्डबीस्ट आणि रेडेही. 1960 च्या सुरवातीला सेरेंगेटी-मारात वाइल्डबीस्ट जेमतेम अडीच लाख होती. मग पाळीव गुरांना लस टोचली, रोग रानात जायचा थांबला आणि पंधरा-वीस वर्षांत आकडा पाचपट झाला. रानातल्या एकालाही सुई लावली नाही! आता गंमत अशी की खाणारी तोंडं वाढली तसं गवत उरेनासं झालं, गवत नाही म्हणून वणवे कमी, वणवे कमी म्हणून सेरेंगेटीत झाडं परत वाढायला लागली. मारात त्याआधी हत्ती आणि आगीने मिळून बराचसा झाडोरा संपवला होता, आग मोठी झाडं मारायची आणि हत्ती रोपं वर येऊ द्यायचे नाहीत, म्हणून आजचा मारा इतका उघडा दिसतो.

अण्णांना बुळकांडी आठवते. ते लहान असताना वाडीतले गोठे एका पावसाळ्यात रिकामे झाले होते, त्यांच्या आजीने बैल मेल्यावर चूल पेटवली नव्हती. आपल्याकडे 1954 पासून लसीकरणाची मोहीम होती, 2011 मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. गाडीत बसून समोर हजारो जनावरं चरताना बघत अण्णा ड्रायव्हरला ही गोष्ट मराठीतच सांगत होते, माझे यजमान ती इंग्रजीत करून देत होते, आणि ड्रायव्हर म्हणाला त्याच्या पणजोबांच्या गोष्टीतही तोच रोग आहे. त्यावेळी सिंह बघायला दुसरी गाडी रेडिओवर बोलावत होती, आम्ही गेलो नाही.

वणव्यावरून एक. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात सड्यावर कोणीतरी काडी टाकतो आणि काजू-आंब्याच्या बागा जळतात, आम्ही दर वर्षी जाळरेषा काढतो. पूर्वी ते करड कापून नेलं जायचं, गुरांना आणि शाकारणीला, आता गोठे रिकामे आणि घरांवर पत्रे, गवत उभंच वाळतं. तोंडं कमी, गवत जास्त, आग जास्त. मारा बघितल्यावर हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

गिधाडं पोटभर बघितली, एका मेलेल्या झेब्र्यावर तीस-चाळीस, रुपेल्स आणि पांढऱ्या पाठीची. अण्णा म्हणाले पूर्वी आपल्या माडांवर बसायची अशी. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, ती मढी खाऊन, ती गेली, 2006 मध्ये बंदी आली तोवर फार थोडी उरली होती. तिकडे दुसरा धोका, गुरं मारतात म्हणून सिंहासाठी मढ्यात विष घालतात आणि मरतात गिधाडं.

रिव्हर क्रॉसिंग, ज्यासाठी सगळे जातात. आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळालं, तीन तास थांबून. समोरच्या काठावर हजारो वाइल्डबीस्ट, येतात, पाण्याला तोंड लावतात, परत पळतात, मग एकाने उडी मारली की धरणाचा दरवाजा उघडल्यासारखी. मगरी होत्या, पण आम्ही बघितलं ते बहुतेक गर्दीत बुडालेलं. दर वर्षी हजारो बुडतात आणि त्यांच्यावर मासे, मगरी, गिधाडं, सगळी नदी जगते. एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. आमच्या काठावर पन्नासेक गाड्या होत्या, काही जणांनी जनावरं चढायच्या वाटेवरच गाडी घातली, कळप बिथरून मागे फिरला. आमच्या ड्रायव्हरने गाडी लांब, झाडाआड ठेवली, आम्हाला फोटो लहान आले. मला चालतील. तुमचा ड्रायव्हर तसं करत असेल तर त्याला पुढे घ्या म्हणून टोचू नका प्लीज. नदीच्या पश्चिमेला मारा ट्रँगल म्हणून भाग आहे, 2001 पासून वेगळी संस्था बघते, तिथे एका प्राण्याजवळ पाचच गाड्यांचा नियम आहे, तिथे फरक लगेच कळला.

आता एजंट. नाव लिहीत नाही. त्याने कोटेशनमध्ये पार्क फी जानेवारी-जूनची लावली, माणशी दिवसाला 100 डॉलर, आणि आम्ही जाणार ऑगस्टला, तेव्हा 200 असते, म्हणजे दिवसाला माणशी सतरा हजारांच्या वर. फरक आम्हाला गेटवर कळला, तिघांचा, तीन दिवसांचा. फोन केला तर म्हणे खाली बारीक अक्षरात लिहिलंय. 76 वर्षांच्या माणसाला घेऊन परदेशात गेटवर उभं असताना हे ऐकायला लागणं वाईट. शिवाय तिकीट बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, त्यामुळे दुपारी पोचून आत गेलात तर अर्धा दिवस वाया, ते पण कोणी सांगितलं नाही. आधी व्हॅन देणार होता, भांडून लँडक्रूझर घेतली, ते बरं केलं, पाऊस पडल्यावर त्या काळ्या मातीत दोन व्हॅन रुतलेल्या बघितल्या.

लॉजचे तंबू स्वच्छ, गरम पाणी संध्याकाळी ठरलेल्या वेळेत, रात्री पाणघोडे बाहेर घुरघुरतात, अण्णा म्हणाले म्हैस अडलीय. जेवणात व्हेज भरपूर, पण मसाला नाही, आम्ही मेतकूट आणि कैरीचं लोणचं नेलं होतं. उगाली नक्की खा, पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकडच ती, सोबत सुकुमा विकी म्हणून पालेभाजी, आम्हाला घरचं जेवल्यासारखं वाटलं. मासे मात्र विसरा.

प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत अजिबात नकोत, केनियात 2017 पासून बंदी आहे, आणि रिझर्व्हमध्ये पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्या, परत येताना मुंबईला कार्ड बघतात, नसेल तर क्वारंटाइन. वयस्कर माणसांनी आधी डॉक्टरला विचारूनच घ्यावी, अण्णांची आम्ही सगळी तपासणी करून मग घेतली. दुर्बीण माणशी एक न्या, एकीवर तिघांचं भागत नाही. मान आणि कंबर धक्क्यांना तयार असू द्या, मधली सीट वयस्कर माणसाला.

दोन रात्रींचं पॅकेज घेऊ नका, त्यात पळापळच होते. बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या, कुठल्या महिन्याची फी धरली आहे, गाडी कुठली, आणि ट्रँगलमध्ये किमान एक अख्खा दिवस. आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की आम्हाला रेडिओच्या मागे धावायचं नाही, गवतात थांबलास तरी चालेल. आमचा हे ऐकून हसला आणि पुढचे तीन दिवस त्याने आम्हाला जे दाखवलं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

ती काडी अण्णांनी गेटवरच परत टाकली, बी देशाबाहेर न्यायचं नसतं म्हणाले. आल्यावर दुसऱ्याच दिवशी भर पावसात छत्री घेऊन सड्यावर गेले, अजून हिरवं आहे, तुरे यायला आश्विन उजाडेल.